एमिल हॉफलरची आजारी सही

एमिल हॉफलरची सही माझ्यासमोर आली तेव्हा ती त्यांचीच आहे याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती. आदल्याच रविवारी मी अंडी द्यायला गेले होते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी ती माझ्यादेखत केली होती. तरीही मी 'जुळत नाही' या चौकटीत खूण केली. पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात माझ्या हातून झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आमची वेल्टन काउंटी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात आहे. इथे मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, ती भरून लिफाफ्यात घालायची आणि लिफाफ्यावर सही करून पाठवून द्यायची. निवडणूक कचेरीत ती सही मतदार नोंदणीच्या जुन्या कार्डावरच्या सहीशी ताडून बघतात. शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून दर नोव्हेंबरात हे ताडून बघायचं हंगामी काम मी करते.

त्या वर्षी आम्हाला शिकवायला राज्याच्या राजधानीतून एक बाई आल्या होत्या. अक्षरांचा कल, गाठी, शेपट्या, सगळं त्यांनी पडद्यावर दाखवलं. मग म्हणाल्या, सही जुळली नाही तर मतदाराला पत्र जाईल आणि त्याने ठरलेल्या मुदतीत आपली मतपत्रिका 'क्युअर' करायची. आता क्युअर म्हणजे बरं करणं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. डॉक्टर रोग क्युअर करतात. मी हात वर करून विचारलं, की यात आजारी कोण, मतदार की मत? बाईंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मत आजारी, असं त्यांनी सांगितलं. औषध कोण देणार, तर मतदार. आणि आपण? आपण फक्त निदान करायचं. मी हे वहीत उतरवून घेतलं.

एमिल म्हणजे आमच्या गावचे खाटीक. पन्नास वर्षं त्यांनी मेन स्ट्रीटवर दुकान चालवलं. ईस्टरच्या आधी त्यांच्या हॅमसाठी लोक शेजारच्या काउंट्यांतून यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून ते डाव्या हाताने जेवतात आणि डाव्या हाताने सही करतात. कार्डावरची सही १९७१ सालची. तिच्यातलं पहिलं अक्षर असं डौलदार आणि वळलेलं, की त्याच्या टोकाला एखादा हॅम टांगून ठेवावा. लिफाफ्यावरची सही म्हणजे कोंबडी ओल्या अंगणातून चालत गेल्यासारखी.

मी दोन्ही घेऊन आमच्या साहेबीणबाई जनेल प्रुइट यांच्याकडे गेले. म्हटलं, हे एमिलच आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय. जनेल वाईट बाई नाही. पण तिला नियमावली बायबलसारखी, आणि बायबल ती दर रविवारी एकेक पानच वाचते.

"डोरीन, आपण सही बघतो, माणूस बघत नाही," ती म्हणाली. "उद्या प्रत्येकजण म्हणेल, मी ओळखतो."

या गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतोच, हे मी बोलले नाही. मी खूण केली. दुसऱ्या तपासनीसाने माझ्या खुणेखाली खूण केली. पत्र गेलं.

दोन दिवसांनी एमिलच्या बायकोचा, लव्हॉनचा फोन आला. ती तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती आणि तिचा आवाज अजून वॉर्डातल्यासारखाच आहे. ताबडतोब ये, म्हणाली. मी गेले तेव्हा एमिल खिडकीशी बसले होते आणि पत्र वॉकरच्या दांड्याला चिमट्याने लावलेलं होतं. आपली मतपत्रिका सदोष आढळली आहे, अठ्ठावीस नोव्हेंबरपर्यंत ती क्युअर न केल्यास मोजली जाणार नाही, असा मजकूर होता.

"तीन डॉक्टरांनी दोन वर्षं या हाताची खटपट केली," लव्हॉन म्हणाली. "आता काउंटी पत्र पाठवून बरा करणार का?"

एमिलला मात्र या शब्दाची वेगळीच ओढ. खाटकाच्या भाषेत क्युअर म्हणजे मांस मुरवणं: मीठ, तांबडी साखर, चिमूटभर सोरा, आणि थंड खोलीत चाळीस दिवस. त्यांनी पत्रावरच्या तारखा बोटांवर मोजल्या.

"अठराच दिवस देतायत गं पोरी," ते मला म्हणाले. "हाडाशी कच्चं राहील."

पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यावर पुन्हा सही करायची आणि ती लिफाफ्यावरच्या सहीशी जुळली की मत बरं झालं, अशी सोय. म्हणजे एमिलने १९७१ च्या एमिलसारखं असण्याची गरज नव्हती, आठवड्याभरापूर्वीच्या एमिलसारखं असलं की पुरे. पण त्यांचा डावा हात दोन वेळा सारखा चालत नाही. सकाळी सही उजवीकडे कलते, जेवणानंतर ती खाली घसरते. त्यांनी जीभ दाताखाली धरून सही केली. मी फॉर्म घेऊन गेले. कचेरीत ती लिफाफ्याशेजारी ठेवली तर पहिली कोंबडी उत्तरेला गेलेली आणि दुसरी दक्षिणेला. जनेलने मान हलवली. औषधही लागू पडलं नव्हतं.

एरवी ही गोष्ट इथेच संपली असती. एका म्हाताऱ्याचं एक मत कचऱ्यात गेल्याने जगाचं काही अडत नाही. पण त्याच सुमारास दफनभूमी मंडळाच्या जागेचा निकाल अडकला.

आमच्याकडे दफनभूमीचं मंडळही मतदानाने निवडतात. एरवी त्या जागेला कोणी उभं राहत नाही, कुणाला तरी धरून आणावं लागतं. त्या वर्षी मात्र दोघं उभे होते आणि भांडण होतं गवताचं. गेलन ऑप म्हणत होता, विहिरीचं पाणी खाली चाललंय, मेलेल्यांच्या अंगावरचं गवत भिजवण्यात अर्थ नाही, सरळ खडी पसरा. गेलनचा सिमेंट-काँक्रीटचा धंदा आहे आणि खडीची खाण त्याच्या मालकीची आहे. मेरिली थीसन म्हणत होती, आपल्या आजी-आजोबांना खडीखाली झोपवणारी माणसं कसली, गवत हिरवं राहिलंच पाहिजे. तिचा दीर पाणी शिंपडायची यंत्रं विकतो. दोन्ही बाजूंना मृतांचा कळवळा इतका दाटून आला, की चर्चमध्ये माणसं बाकं बदलून बसू लागली. मोजणी झाली तेव्हा गेलन दोन मतांनी पुढे होता, आणि सात मतपत्रिका आजारी म्हणून बाजूला ठेवलेल्या.

आजारी मतांची यादी आमच्याकडे मागेल त्याला मिळते. सोमवारी सकाळी कचेरी उघडली तेव्हा दाराशी गेलन उभा होता. त्याच्या मागे मेरिली.

त्या दिवसापासून एमिलच्या घरी माणसांची रीघ लागली. रीघ म्हणजे दोनच माणसं, पण आळीपाळीने आणि दिवसातून दोनदा. झटका आल्यापासून त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. लोक आजारी माणसाला दोन महिने भेटतात, मग त्यांना संकोच वाटायला लागतो. आता मेरिली प्लमचं कूखन, म्हणजे एक प्रकारचा केक, घेऊन आली. आमच्या जर्मन आज्या करायच्या तसलं, वर साखरेची खरपूस पूड असलेलं. तिने एमिलचा लुळा हात मांडीवर घेऊन त्याला मलम चोळलं आणि तिच्या आईला त्यांच्या दुकानातली लिव्हर सॉसेज किती आवडायची ते सांगितलं. ती गेल्यावर तासाभरात गेलन जिवंत टर्की घेऊन आला. लव्हॉनने ती परत नेऊन मारून आणायला लावली.

दोघांचीही खरी अडचण वेगळीच होती. एमिलचं मत बरं व्हायला हवं, पण ते आपल्यालाच पडलंय का हे कळत नव्हतं. चुकून दुसऱ्याचं मत बरं केलं तर हात दाखवून अवलक्षण. सरळ विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ते आडवळणाने यायचे. गेलनने विचारलं, तुम्हाला गवत आवडतं का हो. एमिल म्हणाले, गाईला आवडतं. मेरिलीने विचारलं, तुम्हाला कुठे चिरविश्रांती घ्यायला आवडेल. एमिल म्हणाले, सध्या या खुर्चीत. प्रत्येक उत्तराने दोघांचीही खात्री पटत गेली की हे मत आपलंच.

लव्हॉनला हे सगळं कळत होतं. एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली, की या माणसाला दोन वर्षांत एवढी भूक लागलेली मी पाहिली नव्हती.

आता मार्ग एकच उरला होता, एमिलला प्रत्यक्ष कचेरीत नेणं. पण त्यांच्या घराला पुढे पाच पायऱ्या. झटक्यानंतर ते डॉक्टरकडे जाण्यापुरते, आणि तेही भाच्यांनी उचलून नेलं तर, बाहेर पडले होते. लव्हॉनने चर्चच्या मंडळाकडे वॉकर जाईल अशा रॅम्पची मागणी केली होती. मंडळाने त्या रॅम्पसाठी दोन वर्षं नेमाने प्रार्थना केली होती.

गेलनने प्रार्थनेत वेळ घालवला नाही. शनिवारी तो दोन माणसं आणि मिक्सर घेऊन आला, पुढच्या पायऱ्या घणाने फोडल्या आणि संध्याकाळपर्यंत सुंदर काँक्रीटचा रॅम्प ओतून मोकळा झाला. कठडासुद्धा लावला. मग त्यावर जाड गोधड्या अंथरल्या आणि सांगितलं, की आता यावर कोणी पाऊल ठेवायचं नाही.

"किती दिवस?" लव्हॉनने विचारलं.

"क्युअर व्हायला हवा ना," गेलन म्हणाला. "या थंडीत दोन आठवडे तरी."

त्या दिवशी एकोणीस तारीख होती आणि मुदत अठ्ठावीसला संपत होती. गेलनने मनातल्या मनात हिशेब केला, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. पायऱ्या तर फोडल्या होत्याच.

मेरिलीला ही बातमी दहा मिनिटांत पोचली. तिचं म्हणणं असं की गेलनने एमिलला मुद्दाम घरात चिणून टाकलंय. गेलन शपथेवर सांगत होता की असं काही नाही. मला विचाराल तर तो खरंच बोलत होता. गेलनच्या हातून चांगलं काम घडतं ते नेहमी असंच, पुढचं काही न बघता.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दोघांच्याही घरून ताटं आली. एमिल दोनदा जेवले आणि दोन्ही वेळा तृप्त झाले.

अठ्ठावीसला सकाळी बर्फ पडत होता. गेलन त्याचा पिकअप घेऊन आला, मेरिली तिची गाडी घेऊन. एमिल कोणाच्या गाडीतून जाणार यावरून अंगणात पाच मिनिटं कुजबुजत भांडण झालं, कारण एकट्याच्या हाती त्यांना द्यायला दुसरा तयार नव्हता. शेवटी सगळ्यांनी पिकअपमधून जायचं ठरलं. मागच्या दाराच्या वाटेत कपडे धुण्याचं यंत्र, तिथून वॉकर निघेना. तेव्हा लव्हॉनने एमिलला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, अंगावर ब्लँकेट गुंडाळलं आणि दोन उमेदवारांना दोन बाजूंनी खुर्ची धरायला लावली. ती परिचारिकेच्या आवाजात एक-दोन-तीन म्हणाली, की ते उचलायचे. मागच्या दाराच्या शेवटच्या पायरीवर मेरिलीचा बूट घसरला आणि खुर्ची तिच्या बाजूला कलली. गेलनने तिचाही कोट पकडला आणि एमिललाही सावरलं. पुढे मेरिलीने हे कधी कुणाला सांगितलं नाही. मला लव्हॉनने सांगितलं.

कचेरीत ते आले तेव्हा मी खिडकीशीच होते. एमिलच्या टोपीवर बर्फ होता आणि गाल लालबुंद झाले होते. जनेलने ओळखपत्र मागितलं. त्यांनी वाहन परवाना दिला. त्यावरची सही उजव्या हाताची, हॅम टांगायच्या आकड्यासारखी. जनेलने समोर कागद ठेवला. एमिलने पेन डाव्या मुठीत धरलं आणि सही करायला जवळजवळ एक मिनिट घेतलं. सही झाली तेव्हा ती आधीच्या कुठल्याच सहीसारखी नव्हती.

जनेल त्या पाच सह्यांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मला अचानक शरम वाटली. एवढा वेळ मी गप्प बसले होते, आणि समोर दोन माणसं केवळ स्वार्थापोटी का होईना, पण त्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून घेऊन आली होती.

"पहिली खूण माझी चुकली," मी म्हणाले. "मी सहा वर्षांची असताना यांनी काउंटरवरून वाकून मला सॉसेजची चकती दिली होती. हेच ते. मी तिथे असताना यांनी ती सही केली. हवं तर माझ्याकडून लिहून घे, आणि मला कामावरून काढ."

जनेलने मला काढलं नाही. ती नियमावली उघडून बसली. खूप वेळाने तिने एका पानावर बोट ठेवलं. मतदार स्वतः ओळखपत्र घेऊन हजर झाला तर सही जुळण्याची आवश्यकता नाही, कर्मचाऱ्यांना मतदाराच्या घरी जाऊनही ओळख पटवता येईल, असं तिथे साध्या सरळ भाषेत लिहिलं होतं. त्या पानाचा रविवार बहुधा अजून यायचा होता. तिने शिक्का मारला.

"झालं, एमिल," ती म्हणाली. "बरं झालं तुमचं मत."

एमिलने विचारलं, की मग लगेच घरी जायला हवं का. कोणालाच घाई नव्हती. मग पिकअप मेन स्ट्रीटवरून हळूहळू गेला आणि बंद दुकानापुढे थोडा वेळ थांबला. तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात. तिथून गेलन आणि मेरिली, या एका बाबतीत एकमत होऊन, त्यांना दफनभूमीवर घेऊन गेले. दोघांनाही ती जागा त्यांना दाखवायची होती आणि दोघांचाही विश्वास होता की जागाच आपल्या बाजूने बोलेल. सगळीकडे वीतभर बर्फ होता. एमिलने काच खाली करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मला तर दोन्ही सारखंच दिसतंय."

दुसऱ्या दिवशी बऱ्या झालेल्या मतपत्रिका यंत्रात घातल्या. सातपैकी पाच वाचल्या होत्या. तीन मेरिलीला, एक गेलनला आणि एकीवर दफनभूमीच्या रकान्यात काहीच खूण नाही. म्हणजे दोघं समान. पुन्हा मोजलं, पुन्हा समान. अशा वेळी आमच्या राज्यात चिठ्ठी टाकतात किंवा नाणं उडवतात. साडेचार हजार वस्तीच्या काउंटीत महिनाभर जो धुरळा उडाला, त्याचा निकाल जनेलच्या पर्समधल्या पंचवीस सेंटच्या एका नाण्याने लावला. ते मेरिलीच्या बाजूने पडलं. गेलनने तिच्याशी हात मिळवला, बाहेर जाऊन पिकअपमध्ये पाच मिनिटं नुसता बसून राहिला आणि मग सरळ एमिलच्या घरी गेला. रॅम्पवरच्या गोधड्या त्या दिवशी बदलायच्या होत्या.

शनिवारी रॅम्प खुला झाला. एमिल वॉकर घेऊन खाली फाटकापर्यंत आले आणि तिथे मला भेटले. दफनभूमीचा रकाना कोरा असलेली ती मतपत्रिका कोणाची असेल हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. विचारायला नको होतं, तरी विचारलंच, की तुम्ही मत कशाकशावर दिलंत. शेरीफला दिलं, ते म्हणाले, आणि शाळेच्या कराला नाही म्हटलं. आणि दफनभूमी? ती कुठे होती, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मागच्या बाजूला.

"मागेही होतं होय?" एमिल म्हणाले.

लव्हॉन दारातून ओरडली, की हे कुणाजवळ बोलू नका. मी बोलले नाही. मेरिलीची मुदत संपेपर्यंत नाही आणि गेलन पुन्हा उभा राहून पडेपर्यंतही नाही.

निवडून आल्यावर मेरिलीला फार काम पडलं आणि तिचं येणं थांबलं. गेलन वसंतात एकदा रॅम्पला भेग पडली का बघायला आला, कॉफी घेतली आणि गेला. पुढच्या नोव्हेंबरात मतपत्रिका आल्या तेव्हा एमिलने मला अगदी सहज विचारलं, की या वेळी सही जरा आणखी वाईट केली तर चालेल का. मी म्हटलं, तो गुन्हा आहे. ते बराच वेळ पेन धरून बसले आणि मग त्यांनी जमेल तेवढी नीट सही केली. आमच्याकडे आता त्यांच्या डाव्या हाताच्या सहीचं कार्ड होतं. लिफाफा पहिल्याच फेरीत पास झाला. पत्र गेलं नाही, कोणी आलं नाही. आठवड्याने लव्हॉनने फोन करून विचारलं, की अजून काही कसं कळलं नाही. मी सांगितलं, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, एमिलला आजच सांगू नकोस.

मी त्या रविवारी अंडी द्यायला गेले ती जेवणापर्यंत थांबले. मग पुढच्याही रविवारी. आम्ही तिघं पत्ते खेळतो. पत्ते वाटायचे एमिलनेच, असा त्यांचा हट्ट आहे. डाव्या हाताने एकेक पान सुटं करायला फार वेळ लागतो. तोवर लव्हॉन कॉफी ओतते आणि गावातल्या कुणाचं काय चाललंय ते सांगते.